बुंदेलखंडचा राजपुत्र ते हेट्वियाचा सरदार : 'द मिस्टीरिअस आयलंड' (१९२९) या चित्रपटाचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपटाच्या इतिहासात १९२७ ते १९३१ हा कालखंड संक्रमणाचा मानला जातो. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीचा 'द जॅझ सिंगर' हा चित्रपट ६ ऑक्टोबर १९२७ रोजी प्रदर्शित झाला आणि त्यानंतर अवघ्या दोन-तीन वर्षांत अमेरिकेतील मूकपटाचे युग संपुष्टात आले. या काळात ना पूर्ण मूक, ना पूर्ण बोलका असा एक संमिश्र चित्रप्रकार अस्तित्वात आला. काही प्रसंगांत संवाद ऐकू येत आणि उर्वरित भागात पूर्वीप्रमाणेच पडद्यावरील लिखित मजकूर वाचावा लागे. मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीचा 'द मिस्टीरिअस आयलंड' हा ५ ऑक्टोबर १९२९ रोजी प्रदर्शित झालेला विज्ञानरंजक चित्रपट या संमिश्र प्रकाराचे ठळक उदाहरण होय.

या चित्रपटाचा विचार बहुधा तंत्राच्या अंगाने केला जातो. परंतु भारतीय इतिहासाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी आहे. फ्रेंच लेखक ज्यूल्स व्हर्न यांच्या ज्या कादंबरीचे नाव या चित्रपटाने घेतले, त्या कादंबरीतील कॅप्टन निमो हा १८५७ च्या उठावात लढलेला बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार आहे. चित्रपटात डक्कार हे नाव कायम राहिले. मात्र बुंदेलखंड, १८५७ आणि भारत या तिन्ही गोष्टी गायब झाल्या. एका पात्राचे नाव शिल्लक राहावे आणि त्याचा इतिहास पुसला जावा, ही घटना कशी घडली याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

कादंबरीतील डक्कार : राष्ट्रीयत्वाचा पहिला बदल

व्हर्न यांची 'समुद्राखाली वीस हजार लीग' ही कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील निमोचा देश कोणता हे वाचकाला सांगितलेले नाही. व्हर्न यांची मूळ कल्पना निराळी होती. १८६३ साली पोलंडमध्ये रशियन सत्तेविरुद्ध उठाव झाला व तो चिरडला गेला. त्या उठावात कुटुंब गमावलेला पोलिश उमराव म्हणजे निमो, अशी त्यांची योजना होती. त्यांचे प्रकाशक पिएर-ज्यूल हेत्झेल यांनी तिला विरोध केला. रशियात व्हर्न यांच्या पुस्तकांना मोठा वाचकवर्ग होता आणि ती बाजारपेठ गमावण्याची प्रकाशकाची तयारी नव्हती. परिणामी पहिल्या कादंबरीत निमो देशहीन राहिला.

'रहस्यमय बेट' ही कादंबरी १८७४-७५ मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकन यादवी युद्धात रिचमंड शहरातून बलूनमधून निसटलेले पाच जण एका निर्जन बेटावर येऊन पडतात आणि त्यांना अदृश्यपणे साहाय्य करणारी व्यक्ती म्हणजे वृद्ध निमो, हे अखेरीस उघड होते. मृत्युशय्येवर तो आपली ओळख सांगतो. तो बुंदेलखंडच्या राजाचा पुत्र आणि टिपू सुलतानाचा भाचा आहे. दहाव्या वर्षी त्याला शिक्षणासाठी युरोपात पाठवले गेले, १८४९ मध्ये तो मायदेशी परतला आणि १८५७ च्या उठावात अनेक लढायांत जखमी झाला. उठाव मोडल्यावर कुटुंब नष्ट झालेला हा राजपुत्र विज्ञानाकडे वळतो आणि 'नॉटिलस' ही पाणबुडी बांधतो.

इतिहासाच्या कसोटीवर या वंशावळीत उघड विसंगती आहे. टिपू सुलतान १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लढाईत मारला गेला. म्हैसूर आणि बुंदेलखंड यांत शेकडो मैलांचे अंतर आहे. व्हर्न यांनी ब्रिटिशविरोधाची युरोपात परिचित असलेली दोन प्रतीके, टिपू आणि १८५७, एकाच व्यक्तीत एकवटली एवढाच याचा अर्थ होतो. मात्र बुंदेलखंडाची निवड मराठी वाचकाला विचारप्रवृत्त करणारी आहे. झाशीची राणी लक्ष्मीबाई याच प्रदेशातील. पहिला बाजीराव व मस्तानी यांचा वंशज असलेला बांद्याचा नवाब अली बहादूर हाही १८५७ च्या संग्रामात उतरला होता. पेशव्यांच्या वंशातील मुस्लिम राजपुरुष इंग्रजांविरुद्ध बुंदेलखंडात शस्त्र उचलतो, हे वास्तव व्हर्न यांच्या कल्पितापेक्षा कमी अद्भुत नाही. नानासाहेब पेशव्यांविषयीचे कुतूहलही त्या काळी युरोपात जागे होते. व्हर्न यांच्याच १८८० च्या 'वाफेचे घर' या कादंबरीत नानासाहेब हे एक प्रमुख पात्र आहे.

तथापि व्हर्न यांना वसाहतवादाचे निःसंदिग्ध विरोधक ठरवणे घाईचे होईल. निमोची कहाणी ऐकल्यानंतर अभियंता सायरस स्मिथ त्याच्याविषयी आदर व्यक्त करतो, पण त्याने भूतकाळ परत आणू पाहिला आणि अटळ प्रगतीशी झुंज घेतली, असा ठपकाही ठेवतो. हस्तलिखितात निमोचा अखेरचा उद्गार स्वातंत्र्याचा होता. हेत्झेल यांच्या आग्रहाने तेथे देव आणि देश यांचा उल्लेख आला. म्हणजे डक्कारचा आवाज सौम्य करण्याची प्रक्रिया त्याच्या जन्मापासूनच सुरू झाली होती.

भाषांतर आणि १९१६ चा चित्रपट

इंग्रजी भाषांतराने या प्रक्रियेत पुढचे पाऊल टाकले. १८७५ च्या सुमारास लंडनमध्ये निघालेले भाषांतर डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नावावर प्रसिद्ध झाले. प्रत्यक्षात ते त्यांच्या पत्नी ॲग्नेस किंग्स्टन यांनी केले होते. निमोच्या पूर्वायुष्याच्या प्रकरणातील ब्रिटिश सत्तेवर टीका करणारा मजकूर त्यात बदलण्यात आला. मूळ फ्रेंचमध्ये हिंदी जनतेवरील परकी जोखडाचा उल्लेख आहे. भाषांतरात मात्र महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांच्या चिथावणीने लोक बहकले असा सूर येतो. इंग्रजी जाणणाऱ्या जगाने, आणि म्हणून हॉलिवूडनेही, दीर्घकाळ हाच निमो वाचला.

१९१६ साली युनिव्हर्सल कंपनीने स्टुअर्ट पेटन यांच्या दिग्दर्शनाखाली 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी' हा मूकपट काढला. त्यात व्हर्न यांच्या दोन्ही कादंबऱ्या एकत्र गुंफल्या होत्या. जे. अर्नेस्ट विल्यमसन आणि त्यांचे बंधू यांनी बहामा बेटांजवळ समुद्रात सोडलेल्या नळीच्या टोकाशी काचेची खिडकी असलेला कक्ष बसवून पाण्याखालील दृश्ये टिपली. या चित्रपटात ॲलन होल्युबार यांनी साकारलेला निमो हा भारतीय राजपुत्रच आहे. परंतु त्याचा संघर्ष साम्राज्याशी न राहता एका व्यक्तीशी येऊन ठेपतो. आपल्या पत्नीच्या मृत्यूस आणि कन्येच्या ताटातुटीस कारण ठरलेल्या डेन्व्हर या परकीयाचा सूड घेणे हे त्याचे जीवितकार्य बनते. भारत कथेत राहिला, पण राजकीय उठावाची जागा कौटुंबिक सूडाने घेतली.

चित्रपटाची निर्मिती : तीन दिग्दर्शक आणि बदलते तंत्र

'द मिस्टीरिअस आयलंड'ची निर्मिती १९२६ मध्ये सुरू झाली. पाण्याखालील छायाचित्रणासाठी पुन्हा विल्यमसन यांची योजना झाली व बहामामध्ये काम आरंभले गेले. मात्र त्या वर्षीच्या चक्रीवादळाने तेथील कामाची मोठी हानी केली. पहिले दिग्दर्शक मोरिस तुर्नर यांना निर्मिती-पर्यवेक्षकाचा अंमल मान्य नव्हता. ते काम अर्धवट सोडून फ्रान्सला परतले. त्यांच्या जागी आलेले डॅनिश दिग्दर्शक बेंजामिन क्रिस्टेन्सन हेही चित्रपट पूर्ण करू शकले नाहीत. अखेरीस पटकथाकार ल्युसिअन हबर्ड यांनी सूत्रे हाती घेतली आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून त्यांचेच नाव आले. एकूण खर्च दहा लाख डॉलरच्या वर गेला.

या तीन वर्षांत तंत्राची भूमीच सरकली होती. मे १९२८ मध्ये मेट्रो-गोल्डविन-मेयरसह प्रमुख कंपन्यांनी वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ध्वनियंत्रणेसाठी करार केले. फेब्रुवारी १९२९ मध्ये याच कंपनीचा 'द ब्रॉडवे मेलडी' हा बोलपट कमालीचा यशस्वी झाला. मूकपट म्हणून कल्पिलेला, बहुतांश तसाच चित्रित झालेला आणि प्रचंड पैसा गुंतलेला चित्रपट आता कालबाह्य ठरण्याचा धोका होता. म्हणून त्यास समकालबद्ध संगीत व ध्वनिपरिणाम जोडण्यात आले आणि काही संवादप्रसंग घालण्यात आले. आरंभी काउंट डक्कार आणि बॅरन फालोन यांच्यातील संभाषण प्रेक्षकाला ऐकू येते. डक्कारच्या भूमिकेत लिओनेल बॅरिमोर, तर फालोनच्या भूमिकेत मॉन्टॅग्यू लव्ह होते. दोघांनाही रंगभूमीचा अनुभव होता व त्यांचे उच्चार ध्वनिमुद्रणास अनुकूल होते.

या रचनेचा एक परिणाम लक्षणीय आहे. समुद्रतळाशी मानवसदृश जीवांची वस्ती असावी, हा सिद्धान्त डक्कार बोलून मांडतो. त्यानंतरचे साहस, पाणबुड्यांचा प्रवास, युद्ध आणि समुद्रतळावरील ठेंगण्या जीवांची गर्दी हे सारे मूकपटाच्या शैलीत घडते. विज्ञानाचे विवेचन ध्वनीकडे आणि अद्भुताचे दर्शन चित्राकडे, अशी ही अनाहूत वाटणी झाली. जड ध्वनियंत्रणेमुळे कॅमेऱ्याची हालचाल बद्ध झालेल्या त्या काळात दोन व्यक्तींनी एका दालनात उभे राहून बोलणे हेच सर्वांत सोयीचे होते.

रंगाचीही गोष्ट अशीच. चित्रपटात टेक्निकलरची दोन रंगांची प्रक्रिया वापरली होती. तीत तांबडा व हिरवा या दोन घटकांवर सारा वर्णपट उभारला जाई. त्यामुळे त्वचेचा वर्ण बऱ्यापैकी उमटे, पण शुद्ध निळा रंग येत नसे. समुद्राची कथा सांगणाऱ्या चित्रपटाला समुद्राचा खरा रंगच उपलब्ध नव्हता. तळाचे जग म्हणून हिरवट छटेत दिसते.

हेट्विया : राष्ट्रीयत्वाचा दुसरा बदल

चित्रपटाच्या कथेचा कादंबरीशी संबंध अगदी पातळ आहे. बलून, यादवी युद्ध आणि अमेरिकन वसाहतकार यांपैकी काहीच त्यात नाही. काउंट डक्कार हा हेट्विया नावाच्या काल्पनिक राज्यालगतच्या ज्वालामुखी बेटावर राहणारा संशोधक आहे. बेटावर उच्चनीच भाव नाही. कारागीर आणि सरदार समान मानले जातात. त्याची बहीण सोन्या हिचे निकोलाय या सामान्य कुळातील अभियंत्यावर प्रेम आहे. सत्ता बळकावू पाहणारा फालोन बेटावर हल्ला चढवतो, डक्कारचा छळ करतो व पाणबुडीचे गुपित मागतो. दोन्ही पाणबुड्या समुद्रतळाशी पोहोचतात व तेथील जीवांशी त्यांची गाठ पडते. शेवटी प्राणांतिक जखमी झालेला डक्कार आपले ज्ञान युद्धखोरांच्या हाती पडू नये म्हणून पाणबुडीसह समुद्राच्या तळाशी जाणे पत्करतो.

सोन्या, निकोलाय, मिखाइल, दिमित्री ही नावे, घोडेस्वार सैनिक आणि सरंजामी सत्तेचे चित्र पाहता हेट्विया हे पूर्व युरोपातील, स्लाव्ह वळणाचे राज्य आहे हे स्पष्ट होते. येथे इतिहासाचा एक विलक्षण योग दिसतो. रशियन बाजारपेठेसाठी पोलिश निमो भारतीय झाला होता. पन्नासहून अधिक वर्षांनी भारतीय डक्कार पुन्हा स्लाव्ह जगात परतला. १९१७ च्या क्रांतीनंतर झारशाहीची भीड बाळगण्याचे कारण उरले नव्हते. या वेळी अडचणीचा ठरू शकणारा देश दुसरा होता.

त्या काळचे दोन दस्तऐवज या संदर्भात विचारात घेतले पाहिजेत. पहिला ब्रिटनमधील. ब्रिटिश चित्रपट परीक्षण मंडळाचे अध्यक्ष टी. पी. ओकॉनर यांनी १९१७ च्या सुमारास मांडलेल्या ४३ आक्षेपार्ह बाबींच्या यादीत भारताचा स्वतंत्र उल्लेख आहे. ब्रिटिश अधिकाऱ्यांना हीन स्वरूपात दाखवणे, देशी संस्थानांची राजनिष्ठा संशयास्पद ठरवणे आणि साम्राज्यातील ब्रिटिश प्रतिष्ठेस धक्का देणे या बाबी त्यात वर्ज्य ठरवल्या होत्या. बुंदेलखंडचा राजपुत्र इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलतो, ही कथा या कलमाच्या थेट कक्षेत येते. दुसरा दस्तऐवज अमेरिकेतील. तेथील चित्रपट निर्माते व वितरक यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९२७ मध्ये वर्ज्य व सावधगिरीच्या विषयांची यादी स्वीकारली. कोणत्याही राष्ट्राचा हेतुपुरस्सर अवमान तीत वर्ज्य होता, आणि आंतरराष्ट्रीय संबंधांच्या चित्रणात सावधगिरी अपेक्षित होती. ब्रिटन हे हॉलिवूडचे सर्वांत महत्त्वाचे परदेशी गिऱ्हाईक असल्याने या दोन्ही चौकटी एकमेकींना पूरक होत्या.

भारतातही १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परीक्षण सुरू झाले होते. १९२७-२८ मध्ये दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातील चित्रपट व्यवसायाची पाहणी केली. पाश्चात्त्य चित्रपटांचा हिंदी प्रेक्षकांच्या मनावर काय परिणाम होतो, ही सरकारची चिंता त्या समितीच्या नेमणुकीमागे होती. अशा वातावरणात काल्पनिक राज्य हा सर्वांत निर्धोक मार्ग ठरतो. ॲन्थनी होप यांच्या 'प्रिझनर ऑफ झेंडा'पासून अशा राज्यांची परंपराच तयार होती. हेट्विया या परंपरेत सहज बसते. तेव्हा डक्कारचे देशांतर हे कोणा एका व्यक्तीच्या लहरीपेक्षा बाजारपेठ, परीक्षणसंस्था आणि कथनाची रूढी या तिन्ही घटकांशी सुसंगत असे होते, असे म्हणणे योग्य ठरेल.

येथे दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. चित्रपटाने डक्कारचा देश काढून घेतला, पण त्याचा आशय पूर्णतः नष्ट केला नाही. समतेवर उभे असलेले बेट, शस्त्रात रूपांतरित होणाऱ्या विज्ञानाविषयीची भीती आणि ज्ञानासह स्वतःला बुडवून घेणारा संशोधक या गोष्टी पहिल्या महायुद्धातील पाणबुड्यांचा संहार अनुभवलेल्या पिढीला भिडणाऱ्या होत्या. कादंबरीतील प्रश्न पराधीन राष्ट्राचा होता. चित्रपटाने तो विज्ञान व सत्ता यांच्या संबंधाचा केला. प्रश्न मोठा झाला, परंतु तो कोणाचा हे सांगण्याची जबाबदारी टळली.

भारतीय संदर्भ आणि जतनाचा प्रश्न

चित्रपट आर्थिकदृष्ट्या अयशस्वी ठरला. प्रदर्शनानंतर तीन आठवड्यांतच वॉल स्ट्रीटचा शेअर बाजार कोसळला. पण त्याहून मोठे कारण म्हणजे १९२९ च्या अखेरीस पूर्ण बोलपटांना सरावलेल्या प्रेक्षकाला अर्धबोलपट जुनाट वाटू लागला होता.

अशाच कोंडीत महाराष्ट्रातील एक निर्मिती सापडली. दादासाहेब फाळके यांचा 'सेतुबंधन' हा मूकपट म्हणून तयार झाला, पण तो पुरा होईपर्यंत १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात 'आलम आरा' झळकला होता आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला होता. 'सेतुबंधन'ला मागाहून ध्वनी जोडावा लागला. रंगाबाबतही प्रभातच्या 'सैरंध्री'चे (१९३३) उदाहरण बोलके आहे. त्याच्या रंगीत प्रती जर्मनीत तयार केल्या गेल्या, पण अपेक्षित परिणाम साधला नाही. साधनसंपत्तीत जमीनअस्मानाचा फरक असूनही हॉलिवूड आणि नाशिक-कोल्हापूर यांना तंत्राच्या संक्रमणाने एकाच प्रकारे पेचात टाकले होते.

जतनाच्या बाबतीत मात्र दोघांचे दैव वेगळे ठरले. 'द मिस्टीरिअस आयलंड' हा अनेक दशके मुख्यतः कृष्णधवल प्रतींतूनच परिचित होता. डिसेंबर २०१३ मध्ये प्राग येथे त्याची रंगीत प्रत आढळली आणि २०१४ मध्ये इटलीतील पोर्देनोने येथील मूकपट महोत्सवात ती दाखवण्यात आली. याउलट 'आलम आरा'ची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर आपल्या मूकपटांचा फार मोठा भाग नष्ट झाला होता. अमेरिकन चित्रपटातून भारत पुसला गेला हे आपण आज पुराव्यानिशी सांगू शकतो, कारण तो चित्रपट उरला आहे. आपल्या पडद्यावरून काय पुसले गेले, हे सांगण्यासाठी बहुतेक वेळा पुरावाच शिल्लक नाही.

समारोप

१८६९ ते १९२९ या साठ वर्षांत निमो हा देशहीन, भारतीय आणि हेट्वियन अशा तीन रूपांतून गेला. त्यामागील मूळ पोलिश योजना धरल्यास ही रूपे चार होतात. प्रत्येक बदलामागे एखादी बाजारपेठ वा एखादी सत्ता उभी होती. १९५४ च्या डिस्नेनिर्मित चित्रपटात जेम्स मेसन यांनी रंगवलेला निमोही भारतीय नव्हता. २००३ च्या 'द लीग ऑफ एक्स्ट्रॉऑर्डिनरी जेंटलमेन' या चित्रपटात नसिरुद्दीन शाह आणि २०२४ च्या 'नॉटिलस' या मालिकेत शाझाद लतीफ यांनी तो पुन्हा भारतीय म्हणून उभा केला. साम्राज्य अस्तास गेल्यानंतरच हे शक्य झाले, ही बाब पुरेशी सूचक आहे.

भा. रा. भागवत यांच्या अनुवादांमुळे ज्यूल्स व्हर्न मराठी कुमारवाचकांच्या अनेक पिढ्यांना घरचा वाटत आला आहे. विज्ञानकथा ही करमणुकीची वस्तू मानून इतिहासाच्या अभ्यासक्रमाबाहेर ठेवली जाते. परंतु १८५७ ची जागतिक स्मृती कशी घडली आणि कशी विरली, हे पाहावयाचे असेल तर सरकारी कागदपत्रांइतकीच अशी कथा आणि असा चित्रपट ही महत्त्वाची साधने ठरतात. ध्वनी आला तेव्हा डक्कारला प्रथमच वाचा फुटली; मात्र तोपर्यंत त्याच्याकडे सांगण्यासारखा स्वतःचा देश उरला नव्हता.